पहिलं पोतं कोणाचं?

माझ्या साडूच्या घरची लाईन कधी जात नाही. हे वाक्य आमच्या सासरी इतक्या भक्तिभावानं म्हटलं जातं, की नवख्या माणसाला वाटावं, साडूनं बारा वर्षं एका पायावर उभं राहून तप केलं असेल. तप वगैरे काही नाही. तो नागपुरात सदर भागात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो, तळमजल्यावर त्याचं दुकान आहे आणि मागच्या रस्त्यावर एक दवाखाना आहे. दवाखान्याची वीज तोडायची नाही असा नियम, आणि साडूची वीज त्याच तारेवरून येते. त्याचं कर्तृत्व एवढंच, की त्यानं फ्लॅट नेमक्या जागी घेतला.

आता दुकान कशाचं, तेही ऐका. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं! ज्याच्या घरी अंधार होत नाही तो माणूस, अंधार झाल्यावर लागणारी वस्तू निम्म्या नागपूरला विकतो. आणि ज्याच्या घरी अंधार सगळ्यांच्या आधी होतो तो मी वीज खात्यात इंजिनिअर आहे. देवाला विनोदाची आवड आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विषय दर वेळी मीच का, एवढीच तक्रार आहे.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या वास्तुपूजेला या साडूनं मला इन्व्हर्टर भेट दिला. लाल फीत बांधून, चार माणसांकडून उचलून आणवून, भर पंगतीत. वर हात जोडून म्हणाला, "इंजिनिअरच्या घरी इन्व्हर्टर देनं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे नेनं आहे. पन तुमच्या दुकानात पेढेच नाही राहत, साडूभाऊ, तं आमी तरी काय करावं!"

पंगत हसली. सासूबाई हसल्या. माझी बायको हसली, आणि मग माझ्याकडे पाहून तिनं पदर तोंडाला लावला. मीही हसलो. त्या दिवशी मी जे हसलो, त्याला अभिनयाचं पदक मिळायला हवं होतं.

माझं काम काय आहे ते मी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्या रामटेकच्या. घरची धानाची शेती, सासरे होते तोवर बंडीनं धान बाजारात जायचं. तेव्हा मी बंडीचंच उदाहरण घेतलं. म्हटलं, "आई, आमच्या उपकेंद्रात दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आहेत. बंडीला जुंपलेले दोन बैल समजा. दोघं मिळून शहराचा एक मोठा भाग ओढतात. आता भर उन्हाळ्यात एक बैल अचानक बसला, तर सगळा भार दुसऱ्याच्या मानेवर येतो. तो काही सेकंद सोसतो, मग तोही बसतो. म्हणून तेवढ्या सेकंदांत बंडीवरची काही पोती खाली फेकावी लागतात. ती फेकायला आमच्याकडे एका कपाटात यंत्र बसवलं आहे, रिले म्हणतात त्याला. आणि कोणती पोती आधी फेकायची याची यादी त्या रिलेला देणारा माणूस म्हणजे तुमचा जावई."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मंग पहिलं पोतं कोनाचं?"

"माझंच!" मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. "आमच्या वस्तीला वीज नेणारी तार, म्हणजे आमचं फीडर, पहिल्या टप्प्यात आहे. आधी आम्ही अंधारात, मग बाकीचे."

आता त्या हळहळतील, निदान 'अरे अरे' म्हणतील, म्हणून मी थांबलो. सासूबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढचा खडा शोधू लागल्या.

बरोबर आहे! मोठ्या जावयाची लाईन जात नाही याचं कौतुक, आणि धाकट्याची सगळ्यात आधी जाते, तर बरोबर आहे! त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते कुठल्याही कूलरनं विझेना.

खरं सांगायचं तर आमची लाईन या कारणानं वर्षातून जेमतेम चार-पाच वेळा जायची. पण त्या चार-पाच वेळा सासरचं कुणीतरी घरी असायचंच. त्यामुळे चैत्र सरला, रामटेकचं घर तापलं, की सासूबाई नागपूरला यायच्या त्या थेट सदरला. माझ्या बायकोच्या मनात एकच गोष्ट होती: आईचा एक उन्हाळा आपल्या घरी व्हावा. ती हे भांडून सांगत नसे, आणि म्हणूनच ते फार ऐकू यायचं. खोली ती दर वर्षी झाडून ठेवायची. खिडकीला वाळ्याची ताटी लावायची. मग सदरहून तिच्या ताईचा फोन यायचा, "अवं, तिकडं लाईन जाते तुमची. आईले नाही सोसत आता. राहू दे इथंच." इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर पंखा चालायचा, कूलर नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय पंखा म्हणजे लोहाराचा भाता.

बायको ताटी तशीच ओली करत राहायची. रिकाम्या खोलीची.

यंदा होळी झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे त्या यादीची उजळणी काढली. माझ्या हाताखाली एक नवी इंजिनिअर आली आहे, पारशिवनीची मुलगी. कागदावर लिहिलंय म्हणून ती काही मानत नाही, लाईनच्या खालून चालत जाऊन पाहते. एके दिवशी ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, सदरचं फीडर आता सूट दिलेल्यांच्या यादीत नाही ठेवता येत. दवाखान्याले मागच्या वर्षीच वेगळी केबल टाकून दिली. कोनी यादी बदललीच नाही."

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "म्हणजे त्या फीडरवर आता कोण आहे?"

"दुकानं, ऑफिसं. आणि चार-दोन फ्लॅटच्या इमारती."

"चार-दोन इमारती," मी म्हणालो. त्यातल्या एका इमारतीचा चौथा मजला, त्यातला एसी, आणि त्या एसीखाली पाय लांब करून बसलेला एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. साक्षात नियमच माझ्या बाजूनं उभा! अशी वेळ माणसाच्या आयुष्यात दोनदा येत नाही.

"दुसऱ्या टप्प्यात टाकते ना सर?"

"दुसऱ्या काहून? पहिल्यात टाका."

"पहिल्यात जागा नाही. एक काढावं लागन."

"काढा ना मग."

"कोनतं?"

मी यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. कॉलेजात मी नाटकं केली आहेत. कुठं किती थांबायचं हे मला कळतं. "हे काढा," मी म्हणालो, "हे पश्चिमेकडचं."

तिनं वाकून पाहिलं. "सर, हे तं तुमच्याच वस्तीचं आहे."

"हो का?" मी दचकलो. फार सुंदर दचकलो.

तिनं रीडिंगचा तक्ता काढला. "भार तं जुळते. बुधवारी दुपारचं पाहिलं तं दोघांचं सारखंच आहे. पन सर, रविवारचं रीडिंग..."

"मॅडम, रविवारी मीसुद्धा बंद असतो. हे पाठवून द्या."

"कारन काय लिहू?"

"लिहा, बदललेल्या परिस्थितीनुसार."

वरून मंजुरी आली. वरच्यांना सदर काय आणि माझी वस्ती काय, दोन आकडे. मी स्वतः उपकेंद्रात जाऊन रिलेच्या जोडण्या बदलल्या. सदर पहिल्या टप्प्यात गेलं, आम्ही दुसऱ्यात आलो. दुसरा टप्पा कामाला लागल्याचं माझ्या आख्ख्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं. पहिल्यातच नेहमी भागायचं. तेव्हा दुसरा टप्पा म्हणजे कायमचा प्रकाशच.

घरी आलो तो थेट इन्व्हर्टरपुढे उभा राहिलो. वायरी सोडवल्या, बॅटरी काढली आणि दोन माणसं बोलावून सगळं माळ्यावर चढवलं. फीत अजून कपाटात होती, तीही पुन्हा बांधली.

"हे काय करून राहिले?" बायकोनं विचारलं.

"आता लागत नाही. आपली लाईन आता जात नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नोकरीतली काही बढती वगैरे असावी असं तिला वाटलं असेल. तिनं लगेच फोन उचलला. "ताई, आईची पंचाहत्तरी आमच्या इथं करायची. आणि तिथून पुढं आई इथंच राहीन. अवं नाही जात आता लाईन! तुझ्या भावजीनंच सांगितलं ना."

तिचा तो आवाज ऐकून मला एवढा आनंद झाला की आपण केलं ते बरोबरच केलं याबद्दल तिळभर शंका उरली नाही.

दिवस रविवारचा ठरला, कारण साडूचं दुकान रविवारी बंद. त्याचंच काय, सगळं सदर रविवारी बंद असतं. शटरं खाली, ऑफिसांना कुलपं, रस्त्यावर कुत्री आडवी. हे मला माहीत होतं. मीच साडूला फोनवर म्हटलं होतं, "रविवारी या निवांत, तुमच्याकडं त्या दिवशी चिटपाखरू नसतं." हे मी म्हटलं, माझ्या या तोंडानं, आणि तरीही.

मे महिन्यातली दुपार. घरात पंधरा-वीस माणसं. पडदे ओढलेले, दोन कूलर घरघरताहेत, आमरस, कुरडया, पाटवड्यांचा रस्सा. सासूबाईंना पाटावर बसवलं होतं. ओवाळायला कणकेचे पंचाहत्तर दिवे, मोठ्या परातीत गोल मांडलेले. बायको आणि तिची ताई दोघी मिळून ते पेटवत होत्या. इकडचे दहा पेटवले, की तिकडचे आठ कूलरच्या वाऱ्यानं विझत.

"अहो, कूलर बंद करा ना थोडा वेळ," बायको म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "आईंना उकडेल. घरात लाईन असताना कूलर बंद कशाला?"

लाईन या शब्दावर मी जरा जोर दिला, आणि साडूकडे पाहिलं. तो आमरसाची वाटी घेऊन माझ्या इन्व्हर्टरची रिकामी जागा न्याहाळत होता.

"साडूभाऊ, आमची भेट कुठी आहे?"

"माळ्यावर."

"काहून?"

"तुमच्या हलवायाच्या दुकानात आता पेढे आले."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अकरा वर्षांचं व्याज त्या एका वाक्यात वसूल. मी दोन्ही कूलर जोरावर केले. परातीतले चाळीस दिवे विझले.

"चाळीस विझवले तुमी!" ताई ओरडली. "काय जवाई आहे का वादळ?"

आणि लाईन गेली.

कूलर घरघर करत थांबले. फ्रीज थांबला. शेजारच्या, समोरच्या, पलीकडच्या घरांतले कूलर थांबले, आणि अख्खी वस्ती एकदम गप्प झाली. ज्यांनी नागपूरची मे महिन्यातली ही शांतता ऐकली आहे, त्यांना ती सांगावी लागत नाही.

"पेढे संपले वाटते," साडू म्हणाला.

सगळे हसले. मी हसलो नाही. माझं डोकं वेगळ्याच हिशेबात अडकलं होतं. आमची लाईन गेली, म्हणजे दुसरा टप्पा चालला. दुसरा चालला, म्हणजे पहिला पुरला नाही. पहिला का पुरला नाही?

तेवढ्यात साडूचा फोन वाजला. त्याच्या इमारतीचा चौकीदार. साडू ऐकत गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आमच्याकडची? आमच्याकडची कशी गेली? आमची तं जात नाही!"

मंडळी, या क्षणासाठी मी अकरा वर्षं जगलो होतो. या क्षणी मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पण टाळ्या राहिल्या बाजूला, कारण साडूचं ते तोंड पाहतानाच मला कळलं की आज रविवार आहे.

मागे सासूबाईंचा आवाज आला, प्रसन्न. "आता कसे लागले दिवे! पाहा, एक हलत नाही. बरं केलं जवाई, बंद केलं ते."

तोवर दोघी बहिणींनी विझलेले दिवे पुन्हा पेटवले होते; परातीत पंचाहत्तर ज्योती सरळ उभ्या होत्या. मी पाहिल्या न पाहिल्या आणि माझा फोन वाजला. उपकेंद्रातला ड्युटीवरचा माणूस होता. "साहेब, एक नंबरचा ट्रान्सफॉर्मर गेला. पहिला टप्पा चालला, पन दोन नंबरवरचा भार उतरलाच नाही! दुसरा टप्पा चालला म्हणून वाचला, साहेब. थोडक्यात वाचला."

मी चपला घालून निघालो. बायको दारापर्यंत आली. "जेवून तं जा." मी तिच्याकडे पाहूही शकलो नाही.

उपकेंद्रात एक ट्रान्सफॉर्मर मुका उभा होता आणि दुसरा असा कण्हत होता की आवारात शिरतानाच ऐकू आलं. तो बसला असता तर त्याचा भार शेजारच्या उपकेंद्रावर पडला असता, ते बसलं असतं तर त्याच्या शेजारच्यावर. बंड्यांची रांग असली की एकामागून एक बैल बसत जातात, आणि मग भर दुपारी, मे महिन्यात, अर्धं शहर. दवाखान्याची ती नवी वेगळी केबलही याच कण्हणाऱ्या बैलाच्या मानेवर होती. तिथं उन्हात उभा असताना माझ्या पोटातली ती अकरा वर्षांची आग पहिल्यांदा विझली, आणि तिच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं.

पारशिवनीची मुलगी माझ्या आधी पोचली होती, स्कूटीवरून, तोंडाला ओढणी गुंडाळून. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही. तिनं फक्त रविवारच्या रीडिंगचा तक्ता माझ्यासमोर ठेवला. सदरचं फीडर: चार-दोन इमारतींचे एसी, एक-दोन लिफ्ट, बाकी कुलपं. बुधवारच्या भाराचा पाचवा हिस्साही नाही.

मी बंडीवरून पोतं फेकलं होतं खरं. पण ते रिकामं होतं. भरलेलं पोतं, रविवार असो की बुधवार, रोज गच्च भरलेलं, कूलर-पंख्यांचं पोतं, माझ्या वस्तीचं, ते मी बंडीवर राखून ठेवलं होतं.

एक-एक करत लाईनी परत घ्यायला तीन तास गेले. शेवटी अहवालाचा कागद पुढे आला.

"सर, कारन काय लिहू?"

मागच्या वेळचं वाक्य आम्हा दोघांनाही आठवलं. ती पेन धरून कागदाकडेच पाहत राहिली.

"लिहा," मी म्हणालो, "पहिल्या टप्प्यासाठी फीडरची निवड चुकली. रविवारचा भार पाहिला नाही. सुचवूनही पाहिला नाही. निवड माझी." मग म्हटलं, "आणि यादी आत्ताच बदलून मंजुरीला पाठवा. सदर दुसऱ्यात. पश्चिमेकडचं पहिल्यात."

"तुमच्या वस्तीचं?"

"माझ्या वस्तीचं."

तिनं लिहिलं. खाली मी सही केली. पुढं मला लेखी खुलासा मागितला गेला, तो मी दिला, जे ऐकून घ्यायचं ते उभं राहून ऐकून घेतलं. तो भाग मला रंगवून सांगता येत नाही. जमेल असं वाटलं होतं, नाही जमत.

दिवेलागणीला घरी आलो. लाईन कधीचीच परत आली होती. माणसं पांगली होती, फक्त साडू, ताई आणि सासूबाई राहिले होते. मी थेट स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती माझं ताट वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"म्हणजे पुन्हा पहिला नंबर आपला."

"हो."

"मी आईले सांगितलं होतं का नाही जात म्हणून." तिनं पळी खाली ठेवली. "एक सांगा. हे आईसाठी केलं का भाऊजींसाठी?"

"दोन्ही."

"किती-किती?"

"अर्धं-अर्धं."

"खरं सांगा."

"आईसाठी चार आणे."

ती हसली नाही. पण ताट माझ्याकडे सरकवलं. "जेवा. आणि आईले तुमीच सांगा. मी नाही सांगनार."

ताट अर्धं ठेवून उठलो. बैठकीत जाऊन सासूबाईंसमोर बसलो. साडू समोरच होता; त्याच्यादेखत बोलणं म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते तुम्हाला आता माहीत आहे. सगळं बोललो. रिकामं पोतं, भरलेलं पोतं, सगळं. शेवटी म्हटलं, "आई, तुम्हाला इथं राहायला बोलावलं, पण आमची लाईन उद्यापासून पुन्हा सगळ्यात आधी जाणार. तुम्ही सदरलाच जा."

सासूबाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"आमच्या बंडीवर चार घरचं धान राहे," त्या म्हणाल्या. "वाटेत बैल बसला का तुमचे सासरे पहिले आपलं पोतं उतरवत. मंग लोकायचं. मी लई भांडत होती त्यायच्याशी. म्हने, बंडी आपली तं पहिलं पोतं आपलंच. तुमी मले सांगितलं होतं का पहिलं तुमचं आहे, तवा मी काय म्हटलं होतं?"

"बरोबर आहे म्हणाला होतात."

"मंग? बरोबरच होतं ना." त्यांनी साडूकडे मान वळवून सांगितलं, "सारं गाव त्यायच्याच बंडीत धान टाके. दुसऱ्याची बंडी रिकामी उभी राहे."

एवढी वर्षं मी त्या दोन शब्दांवर जळत होतो. त्या दोन शब्दांत माझी तुलना सासऱ्यांशी केली गेली होती, आणि मला वाटलं होतं की तांदळातला खडा मीच.

"मी राहते इथं," सासूबाई म्हणाल्या. "लाईन जाईन तं जाईन. त्या एसीत माझे गुडघे धरून राहतात, पन मोठीले कसं सांगावं?"

"आई!" ताई म्हणाली. "इतके वर्षं?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती वळली, आणि आतल्या खोलीत ताटीवर पाणी मारल्याचा आवाज आला.

साडू मात्र अस्वस्थ झाला होता. दोनदा खाकरला. मग म्हणाला, "पन आमचं दुसरं काहून?"

"काय दुसरं?"

"आमचं पोतं. दुसऱ्या टप्प्यात काहून टाकलं? आमी काय गावाचे नाही का? आईच्या देखत सांगा ना, पहिल्यात काहून नाही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता. ज्या माणसाच्या घरची लाईन जात नाही, तो माझ्या अंधारावर जळत होता!

"नाही जमत, साडूभाऊ," मी म्हणालो, आणि जगातल्या सगळ्या मायेनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचं पोतं रविवारी रिकामं असतं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. जाण्याआधी साडूनं स्वतः माळ्यावर चढून इन्व्हर्टर उतरवून दिला. सासूबाईंना पंखा तरी असावा म्हणून. फीत सोडताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

सासूबाई पावसाळा लागेपर्यंत आमच्याकडे राहिल्या. लाईन तीनदा गेली. तिन्ही वेळा त्यांनी शेजाऱ्यांना ओट्यावरून ऐकवलं की आमच्या जवायाची पहिले जाते, मंग बाकीच्यांची. आणि बाकीचे सगळे दिवस त्या मला सांगत राहिल्या की मोठा जवाई किती सकाळी उठते, किती कमी बोलते.

साडूनं त्यानंतर रविवारीही दुकान उघडायला सुरुवात केली. सगळ्या सदरमध्ये त्याचं एकट्याचं शटर वर. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. "साडूभाऊ, आज सारे दिवे लावले. एसी बी लावला. जरा पाहा बरं तुमच्याकडं, भार वाढला का?"

मी उपकेंद्रात फोन लावून विचारतो. आकडा असतो तिथंच असतो.

"हलला, साडूभाऊ," मी सांगतो. "थोडासाच, पण हलला."